भिंत माझ्या वाडीपर्यंत येतेय, आणि मला ती नको आहे



एरवी या पानावर मी पोफळीला बोर्डो मिश्रण कधी मारलं, शिंपणं कधी सुरू केलं, सुपारीला भाव काय आला, एवढंच लिहितो. आजची नोंद लांब आहे आणि थोडी रागात लिहिली आहे. येत्या गुरुवारी आमच्याकडे ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेवर तिसरा विषय : धूपप्रतिबंधक बंधारा दक्षिणेकडे 400 मीटर वाढवण्याची मागणी करणे. त्या 400 मीटरमधले पहिले 40 मीटर माझ्या वाडीसमोरचे आहेत. म्हणजे सगळ्यात आधी फायदा माझा. तरी मी विरोधात हात वर करणार आहे. कालपासून तीन जणांनी फोन करून विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना. म्हणून हे सविस्तर.

आधी माझी वही. मी 2011 पासून दरवर्षी एक माप घेतो. विहिरीच्या कठड्यापासून समुद्राच्या बाजूला सरळ टेप धरायचा, मर्यादवेल जिथे संपते तिथपर्यंत. माप नेहमी वैशाखात, पावसाच्या तोंडावर. याला कारण आहे. पावसाळ्यात समुद्र पुळण खरवडून वाळू आत नेतो, थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा करून ठेवतो आणि दिवाळीनंतर शांत लाटांनी परत आणून टाकतो. पुळणीचा हा वार्षिक श्वास आहे. ऑगस्टात फोटो काढला तर कुठलीही पुळण मेलेली दिसते. आमच्याकडे पाहणीला साहेब नेमके ऑगस्टात येतात.

तर मापं. 2011 ला 58 मीटर. 2016 ला 55. पाच वर्षांत तीन मीटर गेले. वाईट, पण पोटात घालण्यासारखं. 2017 च्या पावसाळ्याआधी उत्तरेकडे 280 मीटर दगडी भिंत झाली, ती बरोबर माझ्या शेजाऱ्याच्या कुंपणाशी संपली. 2018 ला माझं माप 49. 2021 ला 41. या वर्षी 33. भिंतीनंतर 22 मीटर गेले. मधे निसर्ग वादळ झालं (3 जून 2020, आमच्यापैकी कुणी विसरणार नाही), पुढच्या मे महिन्यात तौक्ते झालं. त्यांचा वाटा त्यात आहेच, मी नाकारत नाही. पण वादळ भिंतीच्या टोकापाशी जास्त आणि पुढे कोळीवाड्याकडे कमी, असं निवडून येत नाही. माझ्याकडे भिंतीलगत चंद्रकोरीसारखा खड्डा पडलाय आणि दक्षिणेकडे जाल तसा तो उथळ होत जातो. कुणीही येऊन बघा, ओहोटीला स्पष्ट दिसतो.

असं का होतं ते सांगतो, कारण ग्रामसभेत हे कुणी सांगत नाही. उताराच्या वाळूवर लाट चढते, पसरते, दमते, अर्धं पाणी वाळूत मुरतं, उरलेलं हळूच मागे जातं. भिंतीवर लाट आपटते आणि आली त्याच जोरात परत फिरते. फिरताना भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते. मग पायथ्याशी पाणी खोल होतं, खोल पाण्यात पुढची लाट आणखी मोठी येते. भिंतीचे दगड वाळूत रुतत जातात, वरून पुन्हा दगड टाकावे लागतात. आमच्या भिंतीवर आतापर्यंत तीनदा टाकले. दुसरं म्हणजे भिंतीमागे जी वाळू कोंडली गेली ती किनाऱ्याच्या हिशोबातून गेली. पूर्वी वादळात तीच वाळू थोडी थोडी सुटून शेजारच्या पुळणीला मिळायची. आता शेजारी उपाशी. टोकाला वळसा घालून येणारी लाट त्या उपाशी वाळूवरच तुटून पडते. तो शेजारी म्हणजे मी.

भिंत 400 मीटर वाढवली की खड्डा बुजणार नाही, 400 मीटर पुढे सरकेल. तिथे कोळीवाड्याची होड्या ओढायची जागा आहे. आज माझी पोफळ पडतेय, पाच वर्षांनी त्यांना होडी लावायला वाळू उरणार नाही. मग कोळीवाडा ठराव करेल, आणखी 500 मीटर. ठेकेदाराला याहून बरं पीक कुठलं?

आणि भिंतीसमोर काय उरलंय तेही बघा. त्या 280 मीटरमध्ये भरतीला आज वाळूच नाही. पूर्वी आमच्या आया-बहिणी तिथे संध्याकाळी बसायच्या, सुकटी वाळत घातलेली असायची, पोरं क्रिकेट खेळायची. आता दगड, दगडात अडकलेलं प्लास्टिक आणि उंदीर. रस्ता वाचला, हे खरं. होमस्टेवाल्यांचे कट्टे वाचले, हेही खरं. पुळण गेली. पाहुणे पुळण बघायला येत होते हे होमस्टेवाल्यांच्या आता लक्षात येतंय.

मी धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नका. 2015 च्या अर्जावर माझी सही आहे. तेव्हा मलाही वाटलं होतं, दगड आला की निवांत. त्याच्याही आधी, घराचा ओटा बांधताना, समोरच्या वाळूच्या टेकाडातून मी चार ट्रॅक्टर वाळू आणली होती. तेव्हा सगळेच आणत होते. देवळाच्या कामाला, शाळेच्या कंपाउंडला, कुणाच्या लग्नाच्या मांडवाखाली टाकायला. केवडा तोडला, कारण साप होतात. मर्यादवेल उपटली, कारण घरातून समुद्र दिसायला हवा. आज्याने त्या टेकाडावर कधी म्हशीसुद्धा चढू दिल्या नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा विनाकारण ओरडतो. वेलीला मर्यादा हे नाव ज्याने दिलं त्याला किनारा कळत होता एवढं नक्की. तिच्या अलीकडे समुद्राने यायचं नाही आणि पलीकडे आपण जायचं नाही.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं : अहो, हवामान बदल आहे, पाण्याची पातळी वाढतेय, भिंतीशिवाय काय करणार? पातळी वाढतेय यात वाद नाही. आयपीसीसीच्या अहवालानुसार 1901 ते 2018 मध्ये जगाच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत चढली. 2006 ते 2018 या काळात वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर झाला. तांदळाच्या दाण्याच्या साधारण निम्म्या लांबीएवढा. ऐकायला काहीच नाही. पण आमची पुळण सपाट. अशा किनाऱ्यावर पाणी एक वीत वर चढलं की काठ पन्नास ते शंभर विती मागे सरू शकतो असा ढोबळ हिशोब मांडतात. हे येणार, आणि थांबणार नाही. म्हणूनच तर मी भिंतीला भितो. वाळूचं टेकाड समुद्राबरोबर मागे सरकतं, थोडं वर चढतं. भिंत आहे तिथेच उभी राहते. वीस वर्षांनी तिची उंची कमी पडणार, तेव्हा पुन्हा अंदाजपत्रक.

शिवाय सगळं पाप समुद्राच्या पातळीवर ढकलणं कुणाकुणाला सोयीचं आहे तेही पाहा. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातला देशाचा किनारा उपग्रहाच्या चित्रांवरून तपासला. साधारण एक तृतीयांश किनारा झिजतोय असं निघालं. ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच अभ्यासात पाव भागाहून थोडा जास्त किनारा वाढतोय हेही होतं, ते कुणी वाचलं नाही. पातळी तर सगळीकडेच चढतेय, मग काही ठिकाणी किनारा वाढतो कसा? वाळू एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते म्हणून. कुठे ती बंदराच्या बांधाशी अडते, कुठे धरणामागे, कुठे खाडीतून सक्शन पंपाने उपसून शहरातल्या स्लॅबमध्ये जाते. किनारपट्टीत वाळू काढायला बंदी आहे, टेकाडं सपाट करायलाही बंदी आहे, आणि तरी रात्री अडीच वाजता डंपर कुठून येतात हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

पुदुच्चेरीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे बंदराचे बांध समुद्रात गेले आणि दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी वाळू अडली. शहराची पुळण गेली. मग शहर वाचवायला दगड टाकले. मग शहराच्या उत्तरेची मच्छीमारांची गावं खचायला लागली, तिथेही दगड. शेवटी 2018 च्या सुमारास राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा अडथळा केला, बाहेरून वाळू आणून टाकली, तेव्हा शहरासमोर पुन्हा थोडी पुळण दिसली. वाळू आणून टाकली, हे लक्षात घ्या.

केरळच्या चेल्लानमचंही सांगायला हवं, कारण माझे विरोधक तेच सांगतात. तिथे सुमारे सात किलोमीटरवर काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, टेट्रापॉड, रचले. खर्च तीनशे कोटींच्या वर. भिंतीमागच्या लोकांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं, ते थांबलं. त्यांना झोप लागते, याला मी कमी लेखत नाही. पण ठोकळे संपतात तिथून उत्तरेकडची कन्नमालीची माणसं पुढच्याच पावसाळ्यांत रस्त्यावर बसली, आमच्यापर्यंतही आणा म्हणून. त्यांची मागणी चुकीची कशी म्हणू? मी त्यांच्याच जागी उभा आहे.

दगड कुठेच नको असंही मी म्हणत नाही. सातपाटीसारखी दाट वस्ती, घराची पायरी उतरली की पाणी, तिथे सरकायला जागाच नाही. तिथे भिंत लागेल आणि ती नीट, पाया घालून लागेल. देवबागसारख्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असलेल्या चिंचोळ्या पट्टीला आमचं औषध लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे पुळणीमागे वाड्या आहेत. सरकायला जागा आहे. जागा असताना भिंत बांधणं म्हणजे पाय असताना कुबड्या घेणं.

माझ्या आईचं माहेर खारेपाटातलं. तिथे समुद्राशी शेती कशी करायची हे पिढ्यान् पिढ्या लोकांना माहीत होतं. खाडीच्या कडेला मातीची बंदिस्ती, तिच्यापुढे तिवरांचा पट्टा, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. उधाणात बांधाला खांड पडली की जोळ जमायची, म्हणजे ज्यांची ज्यांची शेती त्या बांधामागे ती सगळी घरं. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची. मामा सांगायचे, जो आला नाही त्याच्या घरी त्या वर्षी कुणी जेवायला गेलं नाही. याच मातीसाठी चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा-सात वर्षं संप केला, इतकी ती मोलाची होती. पुढे 1948 चा आणि नंतर 1979 चा खारजमिनींचा कायदा आला, बांध सरकारचे झाले. कागदावर चांगलंच. पण जोळ मोडली. आज खांड पडली की अर्ज जातो, अर्जावर अंदाजपत्रक होतं, अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत भातशेतीत तिवरं उगवतात. आणि एकदा तिवरं आली की त्यांना हात लावता येत नाही, तेही योग्यच, पण शेतकरी गेला.

मामांच्या बांधाची मला आठवण का होते? तो बांध कधीच 'पूर्ण' झाला नव्हता. दरवर्षी माती, दरवर्षी माणसं. आमच्या भिंतीच्या उद्घाटनाला मात्र कायमस्वरूपी उपाय असा फलक लावला होता. तो फलक 2019 च्या उधाणात गेला.

मग मला हवं काय? माझ्या वाडीसमोर दगडाऐवजी झावळ्यांची कुंपणं. बांबूचे खुंट, त्यात विणलेल्या झावळ्या, दोन ओळी. वारा वाळू उडवतो, कुंपणाशी ती अडते, टेकाड चढतं. मग त्यावर मर्यादवेल, मागे केवडा, त्याच्यामागे उंडी. नुसता सुरू नको. त्याच्या दाट सावलीत खाली काही उगवत नाही, आणि काठ कापला गेला की उभी रांग मुळासकट आडवी होते, हे आपण निसर्ग वादळात पाहिलं. गेल्या पौषात मी स्वतःच्या खर्चाने 15 मीटर कुंपण करून पाहिलं. वैशाखापर्यंत गुडघाभर वाळू धरली होती. पावसाळ्यात त्यातली निम्मी गेली. निम्मी राहिली. हे दरवर्षी करावं लागेल, आणि भिंतीच्या टोकाशी तर याने एकट्याने भागणार नाही, हे मला कळतं.

तिथे वाळूच घालावी लागेल. आणि ती आहे. खाडीच्या तोंडाशी जेट्टीसाठी दर एक-दोन वर्षांनी गाळ काढतात. त्यातला चिखल सोडा, पण बरीच चांगली वाळू असते. ती खोल समुद्रात टाकतात नाहीतर कुठेतरी 'विल्हेवाट' लावतात. ती आमच्या पुळणीवर टाका. हॉलंडचं सरकार 1990 पासून हेच करतं, किनारा ठरलेल्या रेषेवर ठेवायला दरवर्षी वाळू घालतं. 2011 मध्ये तर त्यांनी एकाच जागी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू ओतली आणि लाटांनाच ती वाटू दिली. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही, ठीक आहे. पण स्वतःच्या खाडीतली वाळू स्वतःच्या पुळणीवर टाकायला हॉलंड व्हावं लागत नाही.

आणि मी मागे सरकायला तयार आहे. ही गोष्ट मी घरात बोललो तेव्हा आमचा चुलत भाऊ म्हणाला, "दादा, म्हणजे तू समुद्राला आंदण देतोस?" देतोय. पुढची 12 मीटरची पट्टी मी सोडून दिली आहे, तिथे नवीन पोफळ लावत नाही. पंपाची खोली मागे घेतली. विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच मचूळ लागायला लागलं, म्हणून वरच्या अंगाला दुसरी विहीर खणतोय. यात माझे पैसे जातात, रडत नाही. पण सरकारने सरकणाऱ्याला निदान शिक्षा तरी करू नये.

आजचा हिशोब ऐका. सातबारावर माझे 32 गुंठे आहेत. टेपवर साडेसत्तावीस. साडेचार गुंठे, 46 पोफळी आणि 9 माड समुद्रात आहेत. रस्त्याला जमीन गेली तर भूसंपादन होतं. उधाणाने एका दिवसात नुकसान झालं तर आता राज्याच्या आपत्तीच्या यादीत बसतं, पंचनामा होतो. पण वर्षाला दोन-तीन मीटर अशी जमीन हळूहळू गेली तर? केंद्राच्या आपत्तींच्या यादीत किनाऱ्याची धूप नाहीच. महसुली कायदा फार तर सारा कमी करतो. माझा सारा इतका आहे की त्यात चहा येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी धूप रोखायला 1,500 कोटी आणि धुपीने उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी सुचवले होते. देशभरासाठी हे फार नाही, पण विचार तरी झाला. ओडिशात सातभाया गाव समुद्राने खाल्लं, तिथली कुटुंबं सरकारने बागापतियाला नेऊन वसवली. रडतखडत, उशिरा, पण नेली. आमच्या तालुक्यात पुनर्वसन हा शब्द मी समुद्राच्या संदर्भात एकाही कागदावर पाहिलेला नाही. सगळे कागद दगडाचे.

उलट बांधकामाची रेषाच पुढे आली. पूर्वी गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून 200 मीटर बांधकाम नाही असा नियम होता. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या गावांसाठी तो 50 मीटरवर आणला. समुद्र आत येतोय, आपण बाहेर चाललोय. पन्नासाव्या मीटरला जो रिसॉर्ट उभा राहील तो दहा वर्षांनी भिंत मागेल, आणि त्याची मागणी माझ्यापेक्षा लवकर मंजूर होईल.

गुरुवारी मला हे सगळं बोलायला कोणी वेळ देणार नाही, माहीत आहे. विषय वाचून दाखवतील, सूचक-अनुमोदक तयार आहेत, मंजूर मंजूर म्हणतील. म्हणून मी लेखी उपसूचना देतोय. ठराव येण्याआधी भिंतीच्या दोन्ही बाजूंची मापं दोन वैशाख घ्यावीत, वही ग्रामपंचायतीत ठेवावी. पुळणीवरून कुठल्याही कारणाने वाळू उचलायला गावाची मनाई, देवळाचं कामही त्यात आलं. आणि खाडीतल्या वाळूची मागणी. कोळीवाड्यातल्या दोघांनी सही करतो म्हटलंय. माझ्या शेजाऱ्याने, ज्याच्या कुंपणाशी भिंत संपते, अजून काही सांगितलं नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे, भिंत काढायचं बोललो तर त्याची झोप उडेल, आणि मी ते बोलत नाहीये.

सभा साडेदहाला आहे. त्याआधी आठला ओहोटी आहे. ज्यांना खड्डा बघायचाय त्यांनी वाडीवर या, टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक धरायला माणूस लागतो.